जमना मागे बघते

माझ्या घोडीने, जमनाने, बाभळीचा ओंडका ओलांडला, चार पावलं पुढे गेली, आपणहून थांबली आणि मान पूर्ण डावीकडे वळवून मागे बघायला लागली. ओंडका जेमतेम गुडघ्याएवढा. तिने उडी मात्र गरजेच्या दुप्पट मारली होती, त्यामुळे माझी मांड हलली आणि उजवा पाय रिकिबीतून सुटता सुटता राहिला. मी टाच लावली, जीभ टाळूला लावून आवाज काढला. ती ढिम्म. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, नजर ओंडक्याच्या पलीकडच्या उघड्या मातीवर. तिथे काहीच नव्हतं. तिच्या खुरांचे ताजे ठसे होते आणि त्यामागे गेल्या वर्षी काढलेल्या द्राक्षबागेची सपाट जमीन. आम्हाला शिकवणारे, घोडदळातले रिसालदार साहेब बांधावर उभे होते. "बघू द्या तिला," ते म्हणाले, "घाई नका करू, मॅडम." मग तिने एकदा मोठ्याने फुरफुर केलं आणि चालायला लागली. त्यानंतरच्या प्रत्येक ओंडक्याला तिने हेच केलं. उडी, चार पावलं, थांबणं, मागे बघणं. ती नेमकं काय बघते, हा विचार मग कित्येक दिवस डोक्यातून जाईना. बँकेत समोर ग्राहक बसलेला असतानासुद्धा मला ती वळलेली मान दिसायची.

ती टांगा शोधत होती, असं माझं मत झालं आहे.

आयुष्याची आठ-नऊ वर्षं तिच्या मागे सतत काहीतरी होतं. नाशिक रोड स्टेशन ते रामकुंड, रामकुंड ते सीतागुंफा, परत पंचवटी कारंजा. गतिरोधक आला की आधी तिची पुढची पावलं चढायची, मग मागची, आणि क्षणभराने चाकांचा दणका छातीवरच्या पट्ट्यातून तिच्या अंगात यायचा. तो दणका आला म्हणजे अडथळा पार झाला. आता अडथळा येतो, ती तो ओलांडते, आणि दणका येत नाही. तिच्या हिशेबात काम अर्धंच झालेलं असतं. रिसालदार साहेबांना हे पटत नाही. घोड्याला एवढा विचार नसतो, त्याला फक्त तोल आणि आवाज कळतो, असं ते म्हणतात. त्यांचं आयुष्य घोडदळात गेलं, माझं वहीखात्यांत. तरी या एका बाबतीत मी माझं म्हणणं सोडलेलं नाही.

जमना मला मिळाली ती चाचांकडून. नाशकातल्या शेवटच्या काही टांग्यांपैकी एक त्यांचा. नातवाने ई-रिक्षा घेतली, चाचांचे गुडघे गेले, आणि घोडीचं काय करायचं हा प्रश्न उरला. लग्नाच्या वरातीला द्यायला त्यांचा जीव होईना. माझ्या वडिलांची आणि त्यांची जुनी ओळख, ते एकदा घरी आले, चहा बशीत ओतून घेतला आणि म्हणाले, "ताई, तुझ्याकडे जागा आहे. दाणा तिला मी घालतो, जागा तू दे." दाणा अर्थातच मीच घालते, पण ते अजूनही दर आठवड्याला शहरातल्या भद्रकालीहून इथे गिरणाऱ्यापर्यंत येतात, कधी बसने तर कधी नातवाबरोबर, आणि खिशात गुळाचा खडा असतो. घोडी त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली होती, तापीच्या काठावर, दत्तजयंतीच्या बाजारात. उंची ६० इंच. त्या बाजारात जातिवंत मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांभोवती गर्दी असते, भोवरे तपासले जातात, गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, आहे का ते पाहिलं जातं. चाचांनी यातलं काही पाहिलं नाही. त्यांनी छाती पाहिली, पायांची नळी पाहिली, खूर उचलून तळवा पाहिला. रुंद छाती, आखूड जाड मान, उभट खांदा, मोठे खूर. ओढायला जन्मलेलं जनावर. कुठल्या जातीचं हे कोणी सांगू शकणार नाही; पुष्कळ रक्तं मिसळली आहेत एवढं दिसतं.

अशा घोडीला घेऊन हिवाळ्यात पुण्याला इव्हेंटिंगच्या हौशी स्पर्धेत उतरायचं मी ठरवलं, तेव्हा घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की यात एकाच जोडीने तीन परीक्षा द्यायच्या असतात. आधी ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या चौकोनात शिस्तीच्या चाली. मग क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या रानात न पडणारे, घट्ट रोवलेले अडथळे: ओंडके, चर, बांध, पाणी. शेवटी शो जंपिंग, जिथे बांबू पडला की ४ दंडगुण. मुळात ही लष्करी घोड्यांची परीक्षा. संचलनात शांत उभा राहणारा घोडा रणांगणावर धावेल का, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला उभा राहील का, हे बघायची. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ती खेळ म्हणून आली, आणि सुरुवातीला तिथे फक्त लष्करी अधिकाऱ्यांना जागा होती. साध्या शिपायालाही नव्हती. पहिली बाई उतरली ती १९६४ला, टोकियोत. मला हे आकडे महत्त्वाचे वाटतात. ज्या खेळात खोगिरावर कोण बसणार हे एवढं ठरलेलं होतं, तिथे खोगिराखाली कोण असणार हेही ठरलेलंच असणार. लांब पायांचे, हलक्या हाडांचे, शर्यतीच्या रक्ताचे घोडे. टांगेवाल्याची घोडी नव्हे.

पण खेळाच्या पोटातच दुसरी गोष्ट आहे. जगभर इव्हेंटिंगमध्ये आयर्लंडच्या घोड्यांचा दबदबा आहे, आणि त्यांच्या वंशात एका बाजूला शर्यतीचा घोडा असतो तर दुसऱ्या बाजूला आयरिश ड्राफ्ट, म्हणजे शेतकऱ्याचा, नांगराला जुंपायचा, रविवारी गाडीला जोडायचा घोडा. पायांत हाड आणि डोक्यात शांतपणा तिकडून येतो. आणि स्नोमॅनची गोष्ट तर घोडेवाल्यांत सगळ्यांना पाठ असते. १९५६ साली अमेरिकेत कत्तलखान्याकडे निघालेल्या गाडीतून हॅरी डी लेयर या माणसाने नांगराचा एक पांढरट घोडा ८० डॉलरला उतरवून घेतला. पुढे शेजारच्या डॉक्टरला विकला, तर हा पठ्ठ्या कुंपणं ओलांडून परत घरी. दोन वर्षांत तो देशातला सर्वोत्तम जंपिंगचा घोडा ठरला होता. मी ही गोष्ट चाचांना सांगितली. त्यांना चमत्काराचं कौतुक वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "परत का आला? दाणा चांगला होता का माणूस चांगला होता?"

आपल्याकडेही या खेळाची आठवण आहे. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, सांघिक सुवर्णही आपलंच होतं. रिसालदार साहेब त्यानंतर काही वर्षांनी भरती झाले, आणि त्यांच्या सांगण्यानुसार पागेत तेव्हाही रोज त्याच फेऱ्यांची चर्चा चालायची. मग २०१८ला जकार्तात फवाद मिर्झाला रौप्य मिळालं, तोच टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचून तेविसावा आला, तेव्हा साहेबांनी देवळालीत पेढे वाटले. ज्यांना वाटले त्यांतल्या बहुतेकांना पेढे कशाचे ते कळलं नव्हतं.

तयारी पावसाळा सरल्यावर सुरू झाली. काळ्या मातीत त्याआधी घोडा घालणं म्हणजे त्याच्या पायांच्या शिरा ताणून घेणं. इकडे द्राक्षांची गोडी छाटणी चालू, सगळीकडे कापलेल्या काड्यांचा वास, मजुरांच्या गाड्या, फवारणीचे ट्रॅक्टर, आणि आमच्या रिकाम्या तुकड्यात फक्कीने आखलेला २० बाय ४० मीटरचा चौकोन. कडेला औषधाच्या निळ्या ड्रमांवर रंगवलेली अक्षरं: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. या अक्षरांचा क्रम असाच का, हे मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "पाठ करा, का ते विचारू नका." ड्रम आडवे टाकले की त्यांचेच जंपिंगचे अडथळे होतात, वर बांबू. बांध आमचा आहेच. पाण्यासाठी कडेचा ओहोळ. क्रॉस-कंट्रीला लागणारं सगळं नाशिकच्या कुठल्याही शेतात पडलेलं असतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

जमनाला सगळ्यात कठीण गेलं ते ओंडके नव्हेत, धावणं. टांग्याच्या घोड्याने दुडक्या चालीच्या पुढे जायचं नसतं. कँटरला, म्हणजे दुडकीच्या पुढच्या, झेपा घेत धावण्याच्या चालीला गेला तर टांगा हेलकावतो, दांड्या उचलल्या जातात, सवाऱ्या ओरडतात. त्यामुळे घोड्याने वेग धरला की लगाम खेचला जातो आणि कधी चाबूकही बसतो. ही बंदी तिच्या अंगात इतकी मुरली होती की मी कँटर मागितला की ती दुडकी आणखी जोरात करायची, मग आणखी जोरात, डांबरी रस्त्यावरचा तो टपटप आवाज मातीतही काढत, मान ताठ, डोळे मोठे. वेग द्यायला तयार, पण चाल बदलायला नाही. साहेबांनी शेवटी मला खाली उतरवलं आणि तिला लांब दोरीवर मोकळं गोल फिरवलं. नुसतं मोकळं. ओरडणं नाही, चाबूक नाही, आणि चुकून दोन पावलं कँटरची पडली की लगेच थांबवून शाबासकी. ते दिवस मला फार लांब वाटले. ज्या दिवशी माझ्या सांगण्यावरून ती पहिल्यांदा कँटरला उचलली गेली, त्या दिवशी तिने पूर्ण फेरीभर एक कान माझ्याकडे वळवून ठेवला होता. परवानगी खरी आहे ना, हे ती तपासत होती.

झापडांचंही तसंच. घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर जवळजवळ सगळं वर्तुळ दिसतं. झापडं लावली की त्यातलं फक्त पुढचं उरतं. शहरात ते बरोबरच असेल. बसचा रंग दिसला नाही तर घोडा बसला घाबरणार नाही. पण इतकी वर्षं समोरचा रस्ता तेवढा बघितलेल्या घोडीला एका सकाळी सगळं शेत एकदम दिसलं. माझा पाय दिसला. पाठीवरून हलणारा हात दिसला. ती अंग चोरून उभी राहिली आणि पोटाखालून घामाची धार लागली. मला तेव्हा आनंद आणि लाज एकत्र वाटली होती, आणि त्यातलं कुठलं जास्त हे अजून ठरलेलं नाही. आणखी एक गोष्ट साहेबांनी सांगितली ती माझ्या मनातून जात नाही. उडीच्या अगदी आधी, झेप घेण्याच्या क्षणी, अडथळा घोड्याच्या नजरेतून निघून जातो. समोरच्या त्या आंधळ्या पट्ट्यात जातो. लांबून पाहिलेलं लक्षात ठेवून तो उडतो.

शरीराचा अभ्यास वेगळाच. ओढणारं जनावर सगळं वजन पुढच्या खांद्यांवर टाकून पट्ट्यात रेलतं. ड्रेसाजमध्ये तेच वजन मागच्या पायांवर घ्यायचं असतं, म्हणजे पुढचा भाग हलका होतो. जमनाला थांब म्हटलं की ती अजूनही पुढे झुकूनच थांबते. त्यासाठी आम्ही तिला चढावर चालवतो, नुसतं चालवतो, तासभर, धरणाच्या अंगाच्या कच्च्या रस्त्याने, कारण चढावर ढुंगणातले स्नायू वापरल्याशिवाय गत्यंतर नसतं. दुसरी अडचण उष्णतेची. जाड अंगाचं जनावर लवकर तापतं आणि सावकाश निवतं. ऑक्टोबरच्या उन्हात तिची नाडी मी जबड्याखाली बोटं ठेवून मोजते. निवांत असताना मिनिटाला तीस ते चाळीसच्या दरम्यान. कामानंतर दहा-पंधरा मिनिटांत ती साठच्या खाली यायला हवी. नाही आली तर दुसऱ्या दिवशीचं काम कमी. अंगावर पाणी मारायचं, चालवायचं, पुन्हा पाणी.

आणि दाणा. या बाबतीत पशुवैद्य जे पुस्तकातून सांगतात ते चाचा कधीपासून पाळत आले आहेत. विलायतेत ओढकामाच्या घोड्यांच्या एका दुखण्याला सोमवारचा आजार म्हणायचे. रविवारी सुट्टी, दाणा मात्र पूर्ण. सोमवारी जुंपलं की घोड्याचे पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे आखडायचे, लघवी काळपट व्हायची. चाचांना हे नाव माहीत नाही. त्यांचा नियम एवढाच, की ज्या दिवशी टांगा उभा, त्या दिवशी हरभरा अर्धा आणि कडबा पोटभर. मी पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी पाटी भरताना त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली होती. काही न बोलता.

कधी कधी संध्याकाळी खरारा करताना माझा हात थांबतो. छातीवर पट्ट्याने केस गेलेली एक आडवी रेघ आहे, तिथे पांढरे केस उगवले आहेत. याच शहरात १८८९पासून ट्राम धावत होती, नाशिक रोड स्टेशनपासून गावातल्या मेन रोडपर्यंत, आणि सुरुवातीला ती चार घोडे ओढायचे. पुढे इंजिन आलं, मग ट्रामच गेली. त्या घोड्यांचं काय झालं असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. त्यांच्यानंतर त्याच वाटेने टांगे धावले, आणि त्या रांगेत शेवटी ही. ती सुटली, असं लोक मला म्हणतात. चांगलं काम केलंस, म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. पहाटे साडेपाचला मी तिच्यावर खोगीर ठेवते, तंग आवळते, आणि ती नकळत पोट फुगवते, टांग्याच्या वेळी फुगवत असेल तशीच. तिचं काम संपलेलं नाही, बदललं आहे. चाचांना त्या कामाने घर चालवायचं होतं. मला तर तिच्याकडून काहीच लागत नाही, केवळ हौस. मग तिचा घाम काढायचा माझा अधिकार त्यांच्यापेक्षा कमीच असला पाहिजे. हे मी अनेक रात्री स्वतःशी बोलले आहे आणि याचं पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. माझ्या मनाला थोडी जागा मिळाली ती या खेळाच्या नियमपुस्तकात, आणि तीही एका चरामुळे.

क्रॉस-कंट्रीत चर असतोच. आम्ही शेताच्या कडेला एक उथळ चारी खणली, वीतभर खोल, पाऊल टाकून ओलांडता येईल एवढी. जमना तिच्यापाशी येऊन खिळली. पुन्हा नेलं, पुन्हा खिळली. भीती नव्हती तिच्यात. घाम नाही, उधळणं नाही, पुढचे दोन्ही पाय रोवून, मान खाली घालून ती चारीकडे बघत उभी. साहेब म्हणाले, दुसरा घोडा पुढे लावू. पण त्या दिवशी चाचा आले होते, आणि ते खाटेवरून उठून हळूहळू तिच्याजवळ गेले. "ही नाही जाणार," ते मला म्हणाले. "उघड्या गटारात चाक गेलं की टांगा आडवा. एकदा बाई-मुलं पडली होती माझी, पावसात. तेव्हापासून मी शिकवलं तिला, खड्डा दिसला की उभं राहायचं. मी म्हटलं तरी जायचं नाही." त्यांच्या आवाजात अभिमान होता. ज्याला आम्ही हट्ट समजत होतो ते तिचं उत्तम शिक्षण होतं, आणि मी ते पुसायला निघाले होते.

आम्ही चारी बुजवली नाही. तिच्यावर फळ्या टाकल्या, मग एक फळी काढली, मग आणखी एक. रोज थोडं चालायचं, जबरदस्ती नाही. आता ती रुंद फटीवरून पाऊल टाकते, पूर्ण उघड्या चारीवरून अजून नाही. स्पर्धेचा प्रवेशअर्ज भरला आहे, सगळ्यात खालच्या गटाचा, ८० सेंटिमीटरचा. नालबंद पुढच्या आठवड्यात येऊन नाला बदलणार आहे. डांबरावर झिजून गुळगुळीत झालेल्या नाला गवतावर घसरतात, म्हणून या वेळी स्टड, म्हणजे पकडीचे खिळे, बसवायला भोकं पाडलेल्या. ड्रेसाजचा पाठ मला झोपेतही येतो. चराचं काय होईल ते सांगता येत नाही.

हे सगळं मी चाचांना मागच्या भेटीत समजावून सांगत होते. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"आणि तिथे ती चरापाशी उभी राहिली तर?"

"तर २० दंडगुण."

"पैसे?"

"पैसे नाही, चाचा. नुसते गुण. वहीत लिहितात."

"कोणाच्या नावावर?"

"दोघींच्या. माझ्या आणि तिच्या."

"मारतात का?"

"नाही. जास्त चाबूक मारला तर उलट मलाच काढून टाकतात."

ते थोडा वेळ गुळाचा खडा बोटांत फिरवत बसले. "आणि परत नाही म्हणाली तर?"

"परत गुण. आणि तिसऱ्यांदा नाही म्हणाली की संपलं. मैदानाबाहेर यायचं, खोगीर उतरवायचं, घरी."

"असं लिहिलंय? कायद्यात?"

"लिहिलंय."

त्यांनी मला ते पान दाखवायला सांगितलं. मी मोबाइलवर काढून दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी मोबाइल हातात घेऊन नीट पाहिलं. मग म्हणाले, "पुण्याला ट्रकमध्ये तिच्याजवळ मी बसणार. कडबा इथूनच न्यायचा, तिकडचा नको."